कापडाची उलटी बाजू

पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर या शहरांत अलीकडे कपड्यांचा छोटा धंदा सुरू करणारे तरुण बरेच दिसतात. त्यांच्याकडे बाजारपेठेतला गाळा नसतो. घरातले एक कपाट, येवल्याहून आणलेल्या दहा-वीस साड्या, गुळेदगुड्डच्या खणाचे दोन-चार तागे, शिवून देणाऱ्या ओळखीच्या एक-दोन बायका, मोबाइलवर काढलेले फोटो आणि कुरिअरवाला एवढ्यावर धंदा उभा राहतो. मालक, विक्रेता, हिशेबनीस आणि हमाल बहुधा एकच माणूस असतो. मोठ्या कंपनीत नीतीचे प्रश्न खात्याखात्यांत वाटले जातात, इथे ते सगळे एकाच माणसासमोर येतात. किती नफा घ्यावा? मालातले वैगुण्य सांगावे की नाही? शिलाईचे किती द्यावेत, कधी द्यावेत? उधारी किती ताणावी? हे प्रश्न नवे वाटले तरी जुने आहेत, आणि निरनिराळ्या धर्मपरंपरांनी त्यांचा विचार करताना पुष्कळदा कापडाचेच उदाहरण घेतले आहे.

मुळात व्यापार हा धर्माला मान्य आहे का, इथून परंपरेतली चर्चा सुरू होते. गीतेच्या अठराव्या अध्यायात शेती आणि गोरक्षण यांच्या बरोबरीने वाणिज्याची गणना स्वाभाविक कर्मांत केली आहे आणि आपले कर्म हीच ईश्वराची पूजा ठरू शकते असे लगेच पुढे म्हटले आहे. मनुस्मृती मात्र साशंक आहे. उपजीविकेचे प्रकार सांगताना चौथ्या अध्यायात तिने व्यापाराला ‘सत्यानृत’ म्हटले आहे, म्हणजे खरेखोटे मिसळलेली वृत्ती. हे वर्णन कुचकट आहे, पण व्यापाऱ्याला ते अगदीच अनोळखी वाटणार नाही. बौद्ध परंपरेने वेगळी वाट धरली. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. कापड त्यांत नाही, तेव्हा तेवढ्यापुरती वाट मोकळी.

महाभारताच्या शांतिपर्वातली तुलाधाराची कथा याही पुढे जाते. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहतो की पाखरे त्याच्या जटांत घरटे करतात, अंडी घालतात, पिल्ले मोठी होऊन उडून जातात. आपण धर्म साधला असे त्याला वाटते, तेव्हा आकाशवाणी त्याला काशीतल्या एका दुकानदाराकडे पाठवते. तो दुकानदार म्हणजे तुलाधार. सुगंधी द्रव्ये आणि रस विकणारा हा माणूस तपस्व्याला धर्म शिकवतो, आणि आपल्या धर्माची खूण म्हणून गल्ल्यावरच्या तराजूकडे बोट दाखवतो: तो सगळ्यांसाठी सारखा आहे. रस विकताना मद्य तेवढे वगळतो, हेही तो सांगून टाकतो. या कथेतला दुकानदार धंदा सोडून संत झालेला नाही. तो दुकानातच बसलेला आहे आणि गिऱ्हाईक बहुधा त्याच्यासमोर उभे आहे.

पण तराजूने मोजता येण्यासारखा माल विकणे सोपे. कापडाचे तसे नाही. ते डोळ्यांनी दिसते, हाताला लागते, तरी त्याचे खरे गुण घेणाऱ्याला कळत नाहीत: सूत कोणते, वीण कशी, धुतल्यावर आटेल का, रंग जाईल का. ते विणणाऱ्याला आणि विकणाऱ्याला माहीत असते. लहान धंद्यातला खरा धर्मप्रश्न या अंतरात आहे. नफ्याचा प्रश्न त्यामानाने दुय्यम आहे.

येवल्याच्या बाजारात हे अंतर उघड दिसते. हातमागाच्या पैठणीच्या काठावरचा आणि पदरावरचा मोर किंवा कमळ वेगवेगळ्या रंगांच्या धाग्यांची गुंफण करून विणतात, त्यामुळे साडी उलटी केली तरी नक्षी सुलट्यासारखीच दिसते. यंत्रमागावरच्या साडीत नक्षीचे धागे मागच्या बाजूने लोंबकळत जातात किंवा कापलेले दिसतात. जाणकार बाई साडी हातात आली की आधी पदर उलटा करून बघते. ज्याला बाजारात सरसकट ‘सेमी पैठणी’ म्हणतात तिच्या किमतीत आणि हातमागाच्या अस्सल रेशमी साडीच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. सेमी पैठणी विकण्यात काहीही गैर नाही. हजार-दोन हजारांत लग्नात मिरवता येईल अशी साडी मिळणे ही पुष्कळ घरांची गरज आहे. गैर एवढेच, की ‘सेमी’ हा शब्द फोटोखालच्या मजकुरातून हळूच गळून पडतो. खणाच्या बाबतीतही तेच घडते. खणाच्या ड्रेसची फॅशन आल्यावर पॉलिस्टरचा यंत्रमागी खण ‘पारंपरिक’ म्हणून खपू लागला. त्यातला एक धागा काडेपेटीने जाळून पाहिला तर तो वितळून त्याची टणक गोळी होते. सूत कागदासारखे जळते, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. पण घेणारा पंचाईत नको म्हणून धागा जाळत नाही, आणि फोटोला तर वासच नसतो.

जैन आचारशास्त्राने या प्रकाराला नाव देऊन ठेवले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रत न मोडता त्याला डाग लावणारी कृत्ये, सांगितली आहेत: चोरीला चिथावणी देणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणे, मापात कमीजास्त करणे आणि प्रतिरूपक व्यवहार करणे. प्रतिरूपक व्यवहार म्हणजे अस्सलासारखा दिसणारा नकली किंवा भेसळीचा माल अस्सल म्हणून खपवणे. व्यापाऱ्यांची मोठी संख्या असलेल्या परंपरेने ही यादी केली आहे, म्हणून ती इतकी नेमकी आहे. इथे चोरीची व्याख्याही बदलते. गिऱ्हाइकाने आपण होऊन पैसे दिले, पावती घेतली, आनंदाने साडी नेली, तरीही अचौर्यव्रताला डाग लागला असे हे सूत्र मानते.

इस्लामी परंपरेत हाच मुद्दा एका कापडविक्रेत्याच्या चरित्रातून पुढे आला आहे. हनफी विधिपरंपरेचे प्रवर्तक इमाम अबू हनीफा (मृत्यू इ.स. ७६७) कूफा शहरात रेशमी वस्त्रांचा व्यापार करत. त्यांचे चरित्रकार सांगतात की एकदा त्यांनी भागीदाराकडे माल विकायला दिला आणि त्यातल्या एका कापडात खोट आहे, ती गिऱ्हाइकाला सांग, असे बजावले. भागीदार विसरला. घेणारा कोण होता हे कळायला मार्ग नव्हता, तेव्हा अबू हनीफांनी त्या विक्रीची सगळी रक्कम दान करून टाकली. या कथेत भागीदार खोटे बोललेला नाही. तो फक्त गप्प राहिला, तेही विसरल्यामुळे, आणि तरी त्या पैशाला हात लावणे इमामांना योग्य वाटले नाही. त्यांच्याच परंपरेने पुढे न पाहता घेतलेल्या वस्तूबद्दल एक हक्क मान्य केला: वस्तू प्रत्यक्ष पाहिल्यावर पसंत नसेल तर व्यवहार मोडता येतो. मोबाइलवरच्या फोटोवरून साडी मागवणाऱ्या गिऱ्हाइकाला याहून जास्त काही हवे असते असे नाही.

न पाहिलेल्या मालाबद्दल धर्मशास्त्रेही सावध आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एकात दुसरे मिसळलेला, निकृष्ट, मापात कमी, दूर असलेला किंवा झाकून ठेवलेला माल विकण्याला मनाई आहे. हा नियम शब्दशः घेतला तर आजची निम्मी विक्री बंद पडेल. त्यामागचा हेतू मात्र स्पष्ट आहे: घेणाऱ्याला पारख करता आली पाहिजे. नारदस्मृतीत तर परत करण्याविषयी स्वतंत्र प्रकरण आहे, ‘क्रीत्वानुशय’ नावाचे. घेतलेली वस्तू पसंत पडली नाही तर त्याच दिवशी जशीच्या तशी परत करावी. दुसऱ्या दिवशी परत करणाऱ्याने किमतीचा तिसावा भाग सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. पारखण्याची मुदतही वस्तूगणिक वेगळी आहे: बियाण्याला दहा दिवस, दुभत्या जनावराला तीन, लोखंड आणि कापड यांना एकच दिवस. आणि एक अट: वापरून मळलेले, चुरगळलेले वस्त्र, ते विकताना सदोष असले तरीही, परत घेतले जाणार नाही. लग्नात एकदा नेसून सोमवारी साडी परत पाठवणारे गिऱ्हाईक नारदाच्या काळीही असणार, त्याशिवाय हा नियम कुणाला सुचला नसता. फसवणूक दोन्हीकडून होऊ शकते हे धर्मशास्त्रकार जाणून होते. तरुण दुकानदाराला नीती शिकवणारी बहुतेक आधुनिक पुस्तके ही गोष्ट विसरतात.

किमतीचा प्रश्न यानंतर येतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात तो आकड्यांनी सोडवला: ठरलेल्या खरेदीकिमतीवर देशी मालाला शेकडा ५ आणि परदेशी मालाला शेकडा १० नफा. त्याहून जास्त घेणाऱ्याला दंड. आजच्या छोट्या कापडधंद्याला हा आकडा लावून पाहणे व्यर्थ आहे. ६०० रुपयांना घेतलेला कुर्ता १,१०० ला विकला जातो तेव्हा मधल्या ५०० मध्ये कुरिअर, परत आलेला माल, तीन महिने पडून राहिलेले साइज, फोटोचा खर्च आणि मालकाची स्वतःची मजुरी असते. सुरुवातीच्या काळात ही मजुरी हिशेबात धरलीच जात नाही, आणि मग धंदा नफ्यात आहे असे वाटत असतानाच बंद पडतो. टक्केवारीवरून नफा न्याय्य की अन्याय्य हे ठरत नाही. तुलाधाराची कसोटी इथे जास्त उपयोगी पडते: भाव सगळ्यांना सारखा आहे का? घासाघीस करणाऱ्या मावशींना ९०० आणि निमूट पैसे देणाऱ्या लाजऱ्या मुलीला १,१०० असे भाव असतील तर त्या २०० रुपयांत मालाचे मोल नसते. तो लाजरेपणावर बसवलेला कर असतो.

गिऱ्हाइकाच्या बाजूने एवढा विचार करणाऱ्या परंपरा शिवणाऱ्याच्या, विणणाऱ्याच्या बाबतीत मात्र तोकड्या पडतात. त्यातून त्यांचा सामाजिक पाया दिसतो: ग्रंथ लिहिणारे आणि व्यापार करणारे एकमेकांच्या जवळ होते, कारागीर दूर. मनुस्मृती आणि अर्थशास्त्र दोन्ही विणकराबद्दल बोलतात ते त्याने चोरी करू नये म्हणून. दहा पल सूत दिले तर खळीमुळे वजन वाढून अकरा पल कापड परत आले पाहिजे, नाहीतर दंड.

तरी अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातला सूत्राध्यक्षाचा, म्हणजे सूतकामावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचा, अध्याय बारकाईने वाचण्यासारखा आहे. विधवा, अपंग स्त्रिया, अविवाहित मुली, म्हाताऱ्या दासी यांच्याकडून सूत कातून घेण्याची व्यवस्था त्यात आहे. घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांकडे अध्यक्षाने आपल्या दासींमार्फत सन्मानाने काम पोहोचवावे. ज्या स्वतः सूतशाळेत येतात त्यांच्याशी पहाटे सूत आणि मजुरी यांची देवघेव करावी आणि दिवा फक्त सूत तपासण्यापुरता असावा. स्त्रीच्या तोंडाकडे पाहिले किंवा कामाव्यतिरिक्त बोलले तर खालच्या दर्जाचा दंड. मजुरी द्यायला उशीर केला तर मधल्या दर्जाचा, म्हणजे अधिक मोठा. पगार लांबवणे हा असभ्यपणापेक्षा मोठा गुन्हा, हा कौटिल्याचा हिशेब आजच्या घरगुती शिलाईच्या व्यवहाराला अगदी लागू पडतो. (त्याच अध्यायात मजुरी घेऊन काम न करणाऱ्या स्त्रीची बोटे छाटण्याची शिक्षाही आहे, तेव्हा त्याला कामगारांचा कैवारी समजण्याचे कारण नाही.) मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, असे पैगंबरांचे एक प्रसिद्ध वचन सांगितले जाते. दोन्ही ठिकाणी भर रकमेपेक्षा वेळेवर आहे.

नव्या धंद्यात उशीर कसा होतो हे पाहिले म्हणजे या भराचे कारण कळते. शिवणाऱ्या बाईला नगावर पैसे मिळतात. ब्लाउज, कुर्ता, अस्तराचा ड्रेस, प्रत्येकाचा दर वेगळा. धंदा नवा असताना ‘पुढची ऑर्डर आली की देते, ताई’ हे वाक्य सहज निघते, आणि ओळखीमुळे ताईही बोलत नाही. मालक स्वतःही पगार घेत नसल्यामुळे आपण दोघी एकाच होडीत आहोत असे त्याला किंवा तिला मनापासून वाटते. पण धंदा चालला तर त्यातला वाटा बाईला मिळणार नसतो, आणि बुडाला तर तिची थकलेली शिलाई बुडते. जोखीम दोघींची, फायदा एकीचा, अशी ही वाटणी असते.

रकमेचा प्रश्न विसाव्या शतकात महात्मा गांधींनी चरखा संघापुढे आणला. अखिल भारत चरखा संघ १९२५ मध्ये स्थापन झाला. कातणाऱ्या बायकांना मिळणारी मजुरी इतकी कमी होती की १९३५ मध्ये गांधींनी त्यांना पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असा आग्रह धरला. खादी महाग होईल, खपणार नाही, ही कार्यकर्त्यांची भीती खोटी नव्हती. तरी संघाने मजुरी वाढवण्याचे धोरण स्वीकारले. गरिबांसाठी चाललेला धंदासुद्धा गरिबांच्या मजुरीवरच स्वस्त राहतो, हे त्या वादातून उघड झाले. हाताने बनवलेले, स्थानिक, पर्यावरणाला पूरक असे शब्द ज्या कपड्याच्या चिठ्ठीवर छापलेले असतात त्याच्या बाबतीत हा वाद संपलेला नाही.

बाराव्या शतकातल्या बसवेश्वरांच्या शरण चळवळीने श्रमाकडे आतून पाहिले. बसवेश्वरांचा कर्नाटकातल्या कल्याणला जाण्यापूर्वीचा काळ मंगळवेढ्यात गेला, आणि सोलापूरच्या परिसरात कायक आणि दासोह हे शब्द आजही परके नाहीत. कायक म्हणजे प्रामाणिक श्रम, हीच पूजा. दासोह म्हणजे त्यातून आलेले समाजाला वाटणे. कन्नड वचने रचणाऱ्या वचनकारांत जेडर दासिमय्या हा विणकर होता. पण धंद्याच्या दृष्टीने सर्वांत बोलकी गोष्ट आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या जोडप्याची आहे. सांडलेले तांदूळ वेचणे हे त्यांचे कायक. एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला, तर लक्कम्माने हा लोभ कुठून आला असे विचारून जास्तीचे परत टाकून यायला लावले. वाढ म्हणजेच यश असे मानणाऱ्या उद्योजकतेच्या वर्गात ही गोष्ट सांगितली तर बहुधा हशा पिकेल. लक्कम्माचा आक्षेप मात्र उत्पन्नाला नाही. गरजेशी तुटलेल्या उत्पन्नाला आहे.

भांडवलाच्या बाबतीत जुन्या कथा अधिक दिलदार आहेत. जातककथांतल्या चुल्लकसेट्ठी जातकात एक गरीब तरुण वाटेत पडलेला मेलेला उंदीर उचलून मांजरासाठी एका कवडीला विकतो. त्या कवडीचा गूळ घेऊन माळ्यांना गूळपाणी पाजतो, बदल्यात फुले मिळवतो, वादळात पडलेली लाकडे गोळा करून कुंभाराला विकतो, आणि करता करता दोन लाखांचा धनी होतो. उंदराची कल्पना ज्या श्रेष्ठीच्या बोलण्यातून सुचली त्याला तो कृतज्ञतेने त्यातले एक लाख नेऊन देतो. पण कथेच्या मधल्या भागात तो पाचशे गवतकाप्यांकडून एकेक पेंढी मागून घेतो आणि आपले गवत विकले जाईपर्यंत तुमचे विकू नका असे त्यांना कबूल करायला लावतो. गावात आलेल्या घोड्यांच्या व्यापाऱ्याला मग त्याचेच गवत घ्यावे लागते. बाजार अडवण्याच्या या युक्तीबद्दल जातककथा चकार शब्द काढत नाही. हुशारीचे कौतुक करताना धर्मग्रंथही कधी कधी डोळेझाक करतात.

मिळालेल्या पैशाचे काय करावे याबद्दल बुद्धाने सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला दिलेला सल्ला दीघ निकायात आहे: चार भाग करावेत, एक उपभोगाला, दोन धंद्यात, चौथा अडचणीसाठी राखून. निम्मे पैसे पुन्हा धंद्यात घालण्याचा हा सल्ला कोणताही हिशेबनीस आज देईल. नव्या दुकानदाराचे चुकते ते चौथ्या भागात. दिवाळीत आलेला सगळा पैसा संक्रांतीच्या मालात जातो आणि फेब्रुवारीत भाड्याची पंचाईत होते.

महाराष्ट्रातल्या संतचरित्रांत धंदा बुडवण्याच्याच कथा जास्त आहेत, आणि दोन्ही प्रमुख कथा उधारीच्या आहेत. शिंपी घराण्यातले नामदेव बाजारात कापड विकायला गेले आणि दगडांनाच उधार देऊन एका धोंड्याला जामीन म्हणून घरी घेऊन आले, अशी आख्यायिका आहे. संतचरित्रकार महिपतीने ती सांगितली आहे. तुकारामांनी दुष्काळानंतर वडिलोपार्जित सावकारीची कागदपत्रे इंद्रायणीत बुडवली. भाऊ कान्होबाच्या वाट्याची मात्र त्याला देऊन टाकली. या दुसऱ्या तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. स्वतःचे येणे सोडून देता येते, भागीदाराचे सोडण्याचा हक्क नसतो. मैत्रिणी-मैत्रिणींनी किंवा भावाभावांनी काढलेल्या धंद्यात ओळखीच्यांना सूट देताना हा फरक रोज आडवा येतो.

शेवटचा प्रश्न विकण्याच्या मुळाशी आहे. ज्याच्या कपाटात कपडे आधीच मावत नाहीत त्याला आणखी एक विकणे योग्य आहे का? बौद्ध विनयपिटकात कोशांबीचा राजा उदयन बुद्धाचा शिष्य आनंद याला विचारतो की मिळालेल्या पाचशे वस्त्रांचे भिक्षू काय करणार. जीर्ण चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, नेसणाऱ्यांना वाटू, असे आनंद सांगतो. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस होतील. जुन्या पलंगपोसांची आसने, त्यांची पायपुसणी, त्यांची झाडणी, आणि झाडणी कुटून चिखलात कालवून भिंतीला लिंपायची. राजाचे समाधान होते. जुन्या लुगड्यांची गोधडी करणाऱ्या घरांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. पॉलिस्टर मिसळलेल्या कपड्याला तो लावता येत नाही. त्याची चिंधी मातीत कुजत नाही. तेव्हा काय विकावे हा प्रश्न काही अंशी सुताच्या निवडीतच सुटतो किंवा बिघडतो. रेशमाबाबत जैन आणि इतर अहिंसावादी परंपरांचा आक्षेप याच जातीचा आहे: कोशातला किडा उकळत्या पाण्यात मरतो. पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशाचे सूत काढून केलेले ‘अहिंसा सिल्क’ त्या आक्षेपातून आले. ते महाग पडते आणि त्याला नेहमीच्या रेशमाची तकाकी नसते, म्हणून ते घेणारे मोजकेच.

विकणाऱ्याला स्वतःपुरता वापरता येईल असा एक उपाय जैन गृहस्थाच्या परिग्रहपरिमाण व्रतात आहे. आपल्याकडे किती धन, किती माल, किती घरे असावीत याची मर्यादा आधी ठरवायची आणि त्यापलीकडचे दानाला लावायचे. मर्यादा किती, हे व्रत सांगत नाही. ती ज्याची त्याने घालून घ्यायची असते आणि म्हणून तिच्यात पळवाटही राहते. ती इतकी उंचही ठरवता येते की गाठायला दोन पिढ्या लागाव्यात. छोट्या धंद्यात व्रत घेण्याची सोयीची वेळ पहिल्या वर्षीच असते, आकडे अजून लहान असताना.